जुन्या फियाटचा जीव

जुनी मोटार म्हटली की आपल्यापुढे उभे राहते ते चित्र मिरवणुकीचे असते. लखलखीत पितळी दिवे, कातडी गाद्या, रुंद पायदाने आणि स्टिअरिंगमागे ऐटीत बसलेले मालक. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात सहाव्या निजामाने मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. ती मी दोनदा पाहिली. तिच्याविषयी मला आदर आहे, पण काळजी मुळीच नाही. तिला एखादा भाग लागलाच तर जगात कुठे ना कुठे तो घडवून मिळेल. प्रश्न पैशाचा असेल आणि पैशाचे प्रश्न सुटतात, एवढे पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस सांगू शकतो.

काळजी वाटते ती दुसऱ्या जुन्या मोटारीची. जी कुणा राजाने मागवली नाही. जी तालुक्याच्या डॉक्टरने, वकिलाने, अडत्याने, क्वचित एखाद्या हौशी मास्तरने नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून, कर्ज काढून घेतली. जिच्यातून बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, नवरदेव मांडवात आले आणि निवडणुकीत कर्णेही फिरले. ती म्हणजे फियाट. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, पण आमच्याकडे तिला शेवटपर्यंत कुणी पद्मिनी म्हटले नाही.

बिलोली हा नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडली की तेलंगण लागते आणि थोड्याच वेळात बोधन येते. १९५६पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्ये बदलली, पण बाजाराचे तोंड बदलायला वेळ लागतो. मुंबई आम्हाला सहाशे किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद दोनशेच्या आसपास. त्यामुळे लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर आणि मोटारीचे सामान या तिन्ही गोष्टींसाठी माणूस हैदराबादची वाट धरतो. या टापूत, म्हणजे बिलोली, देगलूर, धर्माबाद, नायगाव, कुंडलवाडी मिळून, चालत्या फियाट आता दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. त्यातली एक माझी आहे. १९७९चे मॉडेल, देगलूरच्या एका डॉक्टरांकडून १९९१ साली घेतलेले. तिच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी जे हिंडलो, पाहिले, तपासले, ते सांगण्यासारखे आहे असे वाटते. कारण प्रश्न माझ्या एका गाडीचा नाही.

आधी थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आगबोटी काढल्या, बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजे बांधण्याची गोदी काढली. मोटारीचे त्यांचे स्वप्न १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने कागदावर आले आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या होत्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४पासून फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली. तिच्या जुन्या, गोलसर अवताराला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणत. साठीच्या मध्यात चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली आणि १९७४ साली तीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. इटलीत हा सांगाडा १९६९मध्येच निकालात निघाला. आपल्याकडे त्यानंतर आणखी तीस वर्षे तो निघत राहिला. २०००च्या सुमारास उत्पादन थांबले. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुतीने तिचा निकाल आधीच लावला होता, पण निकाल लागणे आणि अंमलबजावणी होणे यात आपल्याकडे नेहमीच अंतर असते.

हे अंतर भरून काढले मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी. लहानपणी आजीने सांगितलेली गोष्ट वाचकांना आठवत असेल. राक्षस इथे, आणि त्याचा जीव सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात. बिलोलीतल्या फियाटचा जीव तसा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत होता. हजारो टॅक्सी रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावत, त्यांचे पॉइंट झिजत, लायनर संपत, रबरे फाटत. ती मागणी होती म्हणून कारखाने भाग काढत राहिले, घाऊक व्यापारी साठा ठेवत राहिले आणि त्यातला एखादा डबा फिरत फिरत नांदेडला आणि नांदेडहून आमच्याकडे येई. महिन्यातून एकदा रविवारी बाहेर निघणाऱ्या हौशी मालकांच्या जोरावर कुणी कारखाना चालवत नसतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून तो प्रकार संपला. वर्तमानपत्रांत भावुक लेख आले, गाण्यांतल्या टॅक्सी आठवल्या गेल्या. पोपटाची मान मुरगळली गेली हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही.

तसे पाहिले तर जुन्या गाडीचे मोठे भाग टिकतात. पत्रा गंजला तर ठोकून, जोडून नवा करणारे कारागीर गावोगाव आहेत. इंजिन बोअर करून मिळते. अडते ते किरकोळ वस्तूंपाशी. मी हिशेब मांडून पाहिला आहे. गाडी उभी राहण्याची जेवढी कारणे मला या काळात भेटली, त्यातली बहुतेक मुठीत मावणाऱ्या वस्तूंची होती. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, कॉइल, आणि ब्रेकमधली रबरी वॉशरे.

ज्यांनी फक्त आजच्या मोटारी पाहिल्या त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पेट्रोल इंजिनात योग्य क्षणी ठिणगी पडावी लागते. बॅटरी बारा व्होल्टची, आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला लागतात पंधरा-वीस हजार व्होल्ट. हे काम कॉइल करते. तिच्यातला प्रवाह एकाएकी तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात हा मोठा दाब तयार होतो. प्रवाह तोडण्याचे काम पॉइंटचे. दोन छोटी टिकल्यांसारखी टोके, एकमेकांना चिकटणारी आणि सुटणारी. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर या टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतात. उघडताना तिथेच ठिणगी उडून टोके जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो, करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी. आणि तयार झालेला दाब कोणत्या प्लगला द्यायचा ते फिरणारा रोटर ठरवतो. एक, तीन, चार, दोन हा त्याचा क्रम. या साऱ्यात इलेक्ट्रॉनिक असे काहीही नाही. म्हणूनच ते रस्त्याच्या कडेला पान्ह्याने आणि पॉलिश पेपरने दुरुस्त होते, आणि म्हणूनच ते अचूक मापावर अवलंबून असते. पॉइंटमधली फट मिलिमीटरच्या दोन पंचमांशाएवढी हवी. आमचे उस्ताद ती माझ्या जुन्या व्हिजिटिंग कार्डाने मोजतात. निवृत्तीनंतर त्या कार्डांचा एवढाच उपयोग उरला आहे.

आता या वस्तू बाजारात मिळत नाहीत का? मिळतात. अडचण तीच आहे. ज्या गाडीचे उत्पादन पंचवीस वर्षांपूर्वी थांबले तिच्यासाठी नामांकित कारखान्याने पॉइंट करत बसावे अशी अपेक्षा मी करणार नाही. चेन्नईजवळच्या पाडीतले लुकास-टीव्हीएस आणि ब्रेक्स इंडिया, बंगळुरूची मायको (ती २००८पासून बॉश झाली) ही नावे ज्या खोक्यांवर असत ती खोकी आमच्या पिढीला पाठ आहेत. त्यांची जागा रिकामी झाली तशी तिथे नक्कल शिरली. नकलेचा पॉइंट दिसायला तसाच, पण त्याची फायबरची टाच मऊ. ती टाच शाफ्टच्या कंगोऱ्यावर घासते, काहीशे किलोमीटरमध्ये झिजते, फट मिटत जाते, ठिणगी उशिरा पडू लागते, इंजिन तापते आणि मालक रेडिएटर खोलून बसतो. नकलेच्या रोटरमध्ये पितळी पट्टी बसवणारा रिव्हेट खाली जास्त उतरलेला असतो किंवा त्याचे प्लॅस्टिकच कच्चे असते. दाब प्लगकडे न जाता रोटरला भोक पाडून शाफ्टमध्ये उतरतो. डोळ्यांना काही दिसत नाही. ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे मालकही याच दुखण्याने इतके बेजार झाले की तिथे मुद्दाम रिव्हेट नसलेले लाल रोटर करून घेतले गेले.

सगळ्यांत लबाड तो कंडेन्सर. गाडी सकाळी पहिल्या झटक्याला सुरू होते, वीस मिनिटे छान चालते, मग धक्के खात बंद पडते. झाडाखाली अर्धा तास उभी केली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू! नरसीच्या रस्त्यावर मे महिन्यात हा खेळ मी तीन वेळा पाहिला. पेट्रोलचा पंप बदलला, कार्ब्युरेटर धुतला. शेवटी उस्ताद म्हणाले, “साहेब, पेट्रोलचं काई नाही. गरम झाली की करंट सोडायली.” त्यांनी कंडेन्सर काढून गॅरेजमधल्या चहाच्या भांड्याच्या बुडाला टेकवला, चांगला तापू दिला आणि मग मीटर लावला. थंड असताना शहाण्यासारखी वागणारी डबी तापल्यावर पार ढिली पडली होती. ही परीक्षा कुणालाही करता येते. नवा कंडेन्सर आणला की गाडीत घालण्याआधी तो एकदा तापवून मोजावा. कॉइलचेही तसेच. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलचा अंतर्गत रोध साधारण तीन ओम असतो. दुसऱ्या एका जातीची, वेगळा रोध जोडून वापरायची कॉइल दीड ओमाची असते. दिसायला दोन्ही एकसारख्या. दुकानदार हाताला येईल ती देतो आणि मग पॉइंट का जळतात याचा शोध सुरू होतो.

या शोधाने मला सिकंदराबादच्या राणीगंजात नेले. तिथल्या गल्ल्यांत पंप, बेअरिंग, पट्टे आणि मोटारींचे सामान यांची दुकाने दाटीने बसली आहेत. तरुण मुलांना ‘फियाट’ म्हटले की ती नव्या काळातली कुठली तरी गाडी वाटते. मॉडेल विचारतात, साल सांगितले की हसतात. दोन तासांनी एका दुकानात सत्तरीच्या पुढचे गृहस्थ भेटले. काउंटरवरच्या मुलाला त्यांनी बाजूला सारले, माझ्या हातातला जुना रोटर उलटा करून पाहिला, शिडी लावायला सांगितली आणि वरच्या फळीवरून तेलकट कागदात गुंडाळलेला पॉइंटचा जोड काढला. टोके कोरी, टाच कडक. छापील किमतीच्या वीसपट पैसे त्यांनी मागितले आणि मी दिले. मग मी ब्रेकच्या रबरी किटची चौकशी केली. जुना, अस्सल माल आहे का? ते म्हणाले, “साहब, पुराना पॉइंट पूछो, पुराना रबर मत पूछो. रबर डब्बे में बैठे बैठे मर जाता.”

जुन्या गाडीसाठी सामान शोधणाऱ्याला यापेक्षा उपयोगी वाक्य मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. हौशी मंडळींत ‘जुना साठा’ या शब्दाभोवती एक तेजोवलय असते. पॅकबंद, न वापरलेले, त्या काळचे म्हणजे अस्सलच! धातूच्या आणि बेकेलाइटच्या वस्तूंना ते बऱ्याच अंशी लागू आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा पॉइंट, कॅप, रोटर कोरड्या जागी राहिला असेल तर तो आजच्या नकलेपेक्षा सरस. कंडेन्सरला ते लागू नाही, कारण आतला कागद दमट होतो. आणि रबराला तर मुळीच नाही. रबर हवेने, उष्णतेने, नुसत्या काळाने कडक होते, बारीक भेगाळते. होज पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून त्याचा पापुद्रा सुटलेला असतो. ब्रेक दाबला की तेल पुढे जाते, सोडला की मागे येत नाही आणि चाक धरून बसते. म्हणजे एकाच गाडीसाठी एकाच माणसाने दोन उलट दिशांना शोध घ्यायचा. इग्निशनचे सामान जितके जुने तितके बरे, ब्रेकचे जितके ताजे तितके बरे.

इग्निशनचा दोष गाडी थांबवतो. ब्रेकचा दोष गाडी थांबू देत नाही. कादंबरीत गाडी बंद पाडणे फार सोयीचे असते. नायक-नायिकेला झाडाखाली बसवता येते, मी बसवले आहे. ब्रेक निकामी करणे मात्र लेखकाने फार जपून वापरावे असे मला २०१६ सालापासून वाटते. त्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजमध्ये चारी चाकांची किट बदलून घेतली होती. तीन आठवड्यांनी बोधनहून परत येताना पुलाच्या अलीकडच्या उतारावर पेडल पायाखाली मऊ लागले, दुसऱ्यांदा दाबले तर थेट फळीला टेकले. पुढे रेतीचा ट्रॅक्टर, मागच्या सीटवर पत्नी आणि पाच वर्षांचा नातू. तिसरा, दुसरा, पहिला असे गिअर उतरवत, हातब्रेक ओढत गाडी डावीकडच्या बाभळींत घातली. पत्रा खरचटला, माणसे शाबूत राहिली. नातू अजून विचारतो, आबा, त्या दिवशी आपण काट्यांत कशाला गेलो होतो?

उस्तादांनी चाक खोलले. सिलिंडरमधले वॉशर फुगून मऊ पडले होते, पिकलेल्या जांभळासारखे, आणि त्याचा काठ फाटला होता. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. म्हणजे चारपैकी एका चाकातले एक वॉशर फाटले की सगळे तेल तिथून जाते आणि चारही चाके निराधार होतात. वॉशरचा खोका माझ्याकडे अजून आहे. त्यावर चांगल्या कंपनीचे नाव आहे, चकाकणारी चिकटपट्टी आहे, किंमतही चांगली आहे. गॅरेजवाल्याने खोका पाहून माल भरला, त्याला मी बोल लावत नाही. पण बँकेत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट मला आठवली. बंडलावरची पट्टी बघून नोटा खऱ्या धरायच्या नसतात. पट्टी खरी असू शकते.

हे वॉशर का फुगले याचा उलगडा साधा आहे. ब्रेकचे तेल हे नावाने तेल, जातीने नव्हे. ते ग्लायकोलच्या कुळातले असते. त्याच्याशी पटणारे रबर वेगळे, आणि इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल यांच्याशी पटणारे रबर वेगळे. बाजारात तेलाच्या सिलांसाठी सर्रास वापरले जाणारे नायट्राइल रबर ब्रेकच्या तेलात फुगते. ब्रेकसाठी हवे ते ईपीडीएम जातीचे. रंग दोघांचा काळाच. नकल करणाऱ्याने माप बरोबर घेतले आणि जात चुकवली. याची दुसरी बाजूही आहे. खरे वॉशर आणले आणि मिस्त्रीने सवयीने ते पेट्रोलमध्ये धुतले, की तेही फुगणार. वॉशर ब्रेकच्याच तेलाने धुवावे, दुसऱ्या कशानेही नाही. आमच्या भागात निम्मे ब्रेक बहुधा पेट्रोलच्या त्या वाटीत बिघडतात.

तेलाचाही एक स्वभाव आहे. ते हवेतले पाणी पिते. डॉट तीन दर्जाचे ताजे तेल २०५ अंश सेल्सियसला उकळते. पाणी प्यायलेल्या अवस्थेत प्रमाणाप्रमाणे त्याची किमान पातळी १४० आहे. डॉट चारचे हे आकडे २३० आणि १५५. घाटात ड्रम तापले, आत वाफ झाली की पेडल पोकळ. शिवाय ते पाणी सिलिंडरला आतून गंजवते, खड्डे पाडते, आणि खड्डेदार सिलिंडरमध्ये उत्तम वॉशरही टिकत नाही. यावर सर्वत्र चालणारा इलाज म्हणजे पॉलिश पेपरने घासणे. घासून सिलिंडरचे माप वाढते आणि वॉशर ढिले पडते. खरा इलाज म्हणजे सिलिंडर लेथवर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची बाही बसवणे आणि आतून पुन्हा मूळ माप आणणे. हे काम मला बोधनच्या एका वृद्ध खराद्याने करून दिले. बोधनचा निजाम शुगर कारखाना १९३७चा. आशियातल्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होई. २०१५ साली तो बंद पडला. या गृहस्थांचा हात त्याच्या वर्कशॉपमध्ये बसलेला. चार सिलिंडर त्यांनी दोन दिवसांत केले. मायक्रोमीटर डोळ्यांजवळ नेऊन माप मोठ्याने वाचत होते आणि नातवाकडून वहीत लिहून घेत होते. नातू वही बंद करून मोबाइलकडे वळला.

लायनरविषयी फार लिहीत नाही. ते अजून बसवून मिळतात, फक्त ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासून घ्यावेत. एक मात्र आवर्जून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवायची पद्धत आपल्याकडे आहे. तिथे पोरे उभी असतात. ओल्या फडक्याने पुसावे.

इथे कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? भंगारात द्या आणि नवी घ्या. सरकारचाही रोख तोच आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला ती दहा हजार केली. दुसऱ्या हाताने, २०२१च्या जुलैत जुन्या वारशासाठी नवा नियम आला. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी, वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्याचीच मुभा. माझी गाडी २०२९ साली पन्नाशीची होईल. म्हणजे तोवर ती नकोशी म्हातारी, आणि त्यानंतर वारसा, पण भाजी आणायला न्यायची नाही! धुराचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा मी नाकारत नाही. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत ती रस्त्यावर नसावी, हे बाभळींत जाऊन आलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण मग ब्रेकच तपासा. नुसते साल बघून फी वाढवल्याने वॉशरची जात बदलत नाही. (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या नळ्यांचे काय होते, हा आणखी एक विषय, त्यावर पुन्हा कधी तरी.)

या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात आली. एकट्याने दुकाने धुंडाळून हा प्रश्न सुटणारा नाही. पोपट गेला असेल तर लहानसा का होईना, दुसरा पाळायला हवा. परदेशांत मालकांचे क्लब हेच करतात; संघटित होऊन बंद पडलेले भाग करून घेतात. आम्ही क्लब काढला नाही, नाव दिले की अध्यक्ष कोण यावर भांडण होते. नांदेड, लातूर, निजामाबाद मिळून नऊ मालक जमले. त्यात एक निवृत्त तहसीलदार, दोन डॉक्टर, एक हळदीचे व्यापारी. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे भाग करणारे एक छोटे वर्कशॉप सापडले. त्यांनी सांगितले, साचा करून देऊ, रबर ईपीडीएमच वापरू, पण पाचशे नगांच्या खाली मशीन लावणे परवडत नाही. नऊ गाड्यांना पाचशे वॉशरे! हळदीच्या व्यापाऱ्यांनी विचारले, उरलेल्यांचे लोणचे घालायचे का? शिवाय पाच-सात वर्षांनी तीही डब्यात मरणारच. शेवटी कर्नाटकातल्या बिदरकडच्या काही मालकांना गाठले, पुण्यातल्या दोघांना गाठले, वर्गणीचे खाते माझ्याकडे आले (ते माझ्याकडेच येणार होते), आणि आगाऊ रक्कम गेली. पहिला नमुना वीस नगांचा, तो पसंत पडला तरच बाकीचे.

नमुना गेल्या मंगळवारी आला. उस्तादांची नजर आता मंदावली आहे, त्यांनी बोटांनी काठ चाचपला आणि म्हणाले, “हाताला तर चांगलं लागतंय. पण त्या बारीलाबी हाताला चांगलंच लागलं होतं.” तेव्हापासून माझ्या अभ्यासिकेच्या खिडकीत काचेच्या तीन बरण्या आहेत. तिन्हींत ताजे ब्रेकचे तेल. एकीत वाळूजचे वॉशर, दुसरीत नांदेडच्या बाजारातून आणलेले, तिसरीत २०१६च्या त्या खोक्यात उरलेले एक. झाकणे घट्ट, दुपारभर ऊन. रोज सकाळी सातला मी व्हर्नियरने तिघांचे माप घेतो आणि बँकेच्या जुन्या लेजरमध्ये लिहितो. खोक्यातले तिसऱ्या दिवशीच दीड मिलिमीटर फुगले. बाजारातले हळूहळू वाढते आहे. वाळूजचे आज सहाव्या दिवशी सुरुवातीच्या मापापेक्षा केसभर जास्त आहे, आणि उस्ताद म्हणतात की चौदा दिवस होईपर्यंत उरलेल्या मालाची ऑर्डर द्यायची नाही.